फोरमनच्या तळाचं मागचं दार

४ जानेवारी

चि. छकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दातांच्या कवळ्या घासून घासून बोटांची सालं निघतात म्हणतेस, मग रबरी मोजे का घालत नाहीस? मालक देत नसेल तर माग. देवानं तोंड दिलंय ना तुला?

दिवसभर कंप्युटरपुढे बसून मी करतो तरी काय, असं विचारलंयस. जहाजं बांधतो. चाळीस वर्षं गोदीत पाण्यावरची बांधली, आता अंतराळातली बांधतो. या गेममध्ये माणसाला एका उजाड लघुग्रहावर सोडून देतात. अंगात हवेचा पोशाख आणि हातात एक ड्रिल, बस. खडक फोडायचा, लोखंड गाळायचं, पत्र्याला पत्रा जोडत जायचं. हवा संपली की खेळ खलास. शेकडो लोक एकाच वेळी खेळत असतात आणि त्यातले निम्मे दरोडेखोर. आपण वर्षभर बांधलेलं तासाभरात कापून नेतात मेले. म्हणून तळ लपवायचा, तोफा लावायच्या आणि पत्ता कुणाला म्हणजे कुणालाही द्यायचा नाही.

कान गेल्यापासून चार माणसांत बसणं मला शिक्षा वाटायची. इथं सगळे टाइप करून बोलतात. इथं मी बहिरा नाही, 'फोरमन' आहे. जोडीला दोघं आहेत, एक निवृत्त मास्तर आणि एक बेकरीवाली बाई. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण पत्रे जोडताना माझा टाका जरा तिरका पडला की बाई लगेच टोकते. चौदा महिने आमचं एकच जहाज चाललंय. तुझ्या आईचं नाव दिलंय त्याला. मागची दोन इंजिनं बसवली की झालं.

तुझ्या भावाची, त्या सोन्याची, काही खबर असेल तर मला कळवू नकोस.

माया आहेच, ती धरून चाल.
अण्णा

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोललो असतो तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून कागद घेतला.

अण्णा कोणता गेम खेळतात हे तू बोलता बोलता सांगून गेलीस. मीही तोच खेळतो, त्याच सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्याच अंतराळात. आम्हा सहाजणांची टोळी आहे. 'फोरमन' या नावाचा म्हातारा तिथं सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा तळ कुणाला सापडत नाही. तो आपला बाप आहे हे कळलं तेव्हा मी गोदामात फोर्कलिफ्टवर बसून एकटाच हसत होतो.

त्या अपघाताला सहा वर्षं झाली गं. गोदीत क्रेनवर मी होतो. साखळी तपासल्याशिवाय उचलत नाही असं मी वरून ओरडून सांगितलं होतं. अण्णांनी खालून हात करून 'उचल' म्हटलं. पत्रा सुटला आणि खालच्या वेल्डरचा पाय गेला. चौकशीत अण्णांनी सही करून दिलं की पोरानं हुकुमाची वाट न बघता उचललं. माझा परवाना गेला, त्यांना निरोपाचा हार मिळाला. तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहावंसं वाटलं.

पण आता रागवून किती दिवस बसू? मला त्यांच्याकडे जायचंय. घराचं दार ते उघडणार नाहीत. गेममध्ये अनोळखी म्हणून गेलो, चार पत्रे जोडून दिले, तर हळूहळू जमेल. तळ कुठे आहे तेवढं काढ. तुला ते नाही म्हणायचे नाहीत.

तुझा जीव माझ्यावर आहे, तो तसाच राहो.
सोन्या

२३ जानेवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे मागितले. मालकाने दिलेही, पण एकाच हाताचे दोन! आता डावा हात तेवढा गोरा होणार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईच्या नावाचं जहाज आहे हे वाचून छान वाटलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तुम्ही बसता ती जागा डोळ्यांपुढे यायला हवी असं वाटतं. तळ नेमका कुठे आहे हो? आत शिरता कुठून? जहाज बाहेर कधी काढणार तेही कळवा. त्या वेळी मी काम थांबवून मनाने तुमच्याशेजारी येऊन बसेन.

मी कुणाला सांगणार? माझ्या टेबलावर नुसते दात असतात आणि त्यांना जीभ नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. मला विसरू नका म्हणजे झालं.
तुमची छकू

२ फेब्रुवारी

चि. छकूस,
अ. उ. आ.

तुझ्या त्या दातांच्या विनोदावर मी इतका हसलो की चहा सांडला.

आईनंतर माझं काम बघावंसं कुणाला वाटलंच नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीवर ठिकाणाचे आकडे लिहिलेत. निळ्या ग्रहाच्या सावलीत एक लांबुडका खडक आहे, त्याच्या पोटात आम्ही राहतो. पुढून आठ तोफा आहेत. मागचं माल आत घ्यायचं दार मात्र उघडंच म्हणायचं. तिथं तोफ बसवली तर ती आमच्याच माल आणणाऱ्या यंत्रांवर गोळे टाकते. हे दार मास्तरांना आणि बाईलाही ठाऊक नाही, ती दोघं पुढूनच येतात. पंधरा तारखेला, रविवारी दुपारी चार वाजता जहाज बाहेर काढणार. ये बरं का शेजारी बसायला.

अशीच चौकशी करत जा.
अण्णा

७ फेब्रुवारी

चि. सोन्यास,
अ. आ.

अण्णांची चिठ्ठी जोडली आहे. पुढून तोफा आहेत म्हणून मागच्या दाराने जा. पंधराला दुपारी चारला ते आनंदात असतील, तेव्हाच भेट. जाताना तोफाबिफा नेऊ नकोस. टोळी तर मुळीच नको. मी त्यांच्याकडून गोड बोलून काढलंय हे सगळं, माझी लाज राख.

तुम्ही दोघं बोललात की मला लगेच कळव.
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. पोटभर बोललो.

आम्ही सहाही जण मागच्या दाराने शिरलो. जहाज सुटायच्या बेतात होतं. आधी अणुभट्टी काढली, मग जहाजाचे तीन तुकडे केले. काम बाकी सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. अण्णा एका छोट्या खोलीत जाऊन अडकले. हवा चार मिनिटांची. मी त्यांना टाइप केलं की सगळ्या सर्व्हरला दिसेल असं लिहा, साखळी न तपासता उचलायला मीच सांगितलं, वेल्डरचा पाय गेला ती चूक माझी होती आणि सही करून ती पोराच्या नावावर टाकली. ते एका बोटाने टाइप करतात. हवेचा आकडा उतरत होता आणि अक्षरं एकेक करून येत होती. लिहिलं त्यांनी. मी म्हटलं, अजून दोनदा. तेही लिहिलं.

मग आम्ही दार उघडून हवा सोडून दिली.

मेलेला माणूस पुन्हा कुठेतरी जिवंत होतो. आम्ही तिथेच थांबलो होतो. अकरा वेळा आले, अकरा वेळा मारले. बाराव्यांदा आले नाहीत.

तू रडशील हे माहीत आहे. पण सहा वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर गाढ झोपलो. तू दिलेले आकडे अगदी बरोबर होते.

राग मानू नकोस.
सोन्या

१८ फेब्रुवारी

चि. छकूस,
अ. उ. आ.

जहाज गेलं. तळ गेला. मास्तरही गेले. जो माणूस दुसऱ्याचा पाय घालवून त्याचा दोष पोटच्या पोरावर ढकलतो, त्याच्यासोबत पत्रा जोडायची माझी इच्छा नाही, असं त्यांनी लिहिलं. बेकरीवाली बाई काहीच बोलली नाही. नुसती निघून गेली.

दरोडेखोर मागच्या दाराने आले. ते दार त्यांना कसं कळलं असेल, तुझ्या काही लक्षात येतंय का? तू हुशार आहेस. सावकाश विचार कर आणि मला कळव. घाई नाही.

मी वाट बघतो.
अण्णा

२४ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

वाचून हातातली कवळी खाली पडली, दोन तुकडे झाले. कोण असतील हो ते नीच लोक? म्हाताऱ्या माणसाला असं छळताना त्यांना काहीच वाटलं नसेल?

दाराचं म्हणाल तर मला वाटतं त्या बेकरीवाल्या बाईनेच दगा दिला. एक शब्द न बोलता निघून गेली, यातच सगळं आलं. तुमचं जहाज उडताना बघायला मी किती आतुर होते, तुम्हाला काय सांगू! ती चिठ्ठी मी वाचून लगेच फाडली होती, माझ्याकडून कुठेही गेलेली नाही.

मनाला लावून घेऊ नका. पुढच्या महिन्यात दोन दिवस येते, तुमच्यासाठी नवा कीबोर्ड आणते.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची छकू

२० मार्च

चि. छकूस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कामं होती. ती आधी सांगतो.

त्या खोलीत अडकलो असताना 'लिहा' म्हणणारा कोण आहे, हे मला पहिल्याच ओळीत कळलं. साखळीची गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती, मला, त्याला आणि तुला. मी जे टाइप केलं ते हवेसाठी नाही केलं. हवा नाही मिळणार हे मला कळत होतं. ते खरं होतं म्हणून केलं. अकरा वेळा परत आलो तेही मुद्दाम. त्याला मारायचं होतं, म्हटलं मारू दे.

दुसऱ्या आठवड्यात गोदीच्या कचेरीत जाऊन खरा जबाब लिहून दिला. साहेबाने दोनदा लिहून विचारलं की शुद्धीवर आहात ना. मग त्या वेल्डरच्या घरी गेलो. तो कुबडी टेकत दारापर्यंत आला, माझं तोंड बघितलं आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं त्याने. सोन्याचा परवाना परत मिळेल असं कचेरीतले म्हणतात. मी त्याला पत्र टाकलं. तो आला. तासभर मी एकटाच गेममध्ये पत्रे जोडत बसलो. मग त्याने खुर्ची ओढली आणि एक पत्रा जोडून दाखवला. आता रोज संध्याकाळी कामावरून येतो. नवं जहाज धरलंय.

आता तुझं. मागचं दार मी फक्त तुला सांगितलं होतं. अठरा तारखेला तुला पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. तू काय म्हणतेस तेवढंच बघायचं होतं. 'सोन्याने फसवलं, माझं चुकलं' एवढी एक ओळ लिहिली असतीस तर मी त्याच दिवशी तुला बोलावून घेतलं असतं. सोन्याने पहिल्याच दिवशी टाइप करून सांगितलं की तोफा नेऊ नकोस असं ताईने बजावलं होतं. तो तुझी बाजू घेत होता. आणि तू? ज्या बाईने चौदा महिने माझे टाके सरळ करून दिले, तिच्या माथी मारून मोकळी झालीस. मीही सहा वर्षांपूर्वी असंच केलं होतं, म्हणून ते अक्षर मला चांगलं ओळखता येतं.

सोन्याचा माझ्यावर राग होता, त्याने तो माझ्या तोंडावर काढला. मी तुझं काय वाईट केलं होतं, ते खूप आठवून पाहिलं. सापडलं नाही. सापडलं असतं तर तुला माफ करणं सोपं गेलं असतं.

येऊ नकोस. कीबोर्ड सोन्याने आणला आहे. बेकरीवाल्या बाईचा पत्ता मिळवलाय, तिला तुझं पत्र जसंच्या तसं पाठवून दिलं. तिच्यावर काय आळ घेतला गेला ते तिला कळायला हवं. यापुढे तुझी पत्रं आली तर सोन्या ती न उघडता परत टाकील. त्याला ते जड जातंय, पण माझा हुकूम आहे आणि या वेळी त्याखाली सहीही माझीच आहे.

दातांचं काम सोडू नकोस. मोजे दोन्ही हातांत घाल.
अण्णा