उरलेल्या गोळ्या

ता. ९, मंगळवार, दुपार

प्रिय धाकटीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात लक्ष घालतात, तेवढा एक त्रास सोडला तर घर शांत आहे.

तुझं पत्र पोचलं. "तुला आता कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी मिळाली, तर उरलेल्या गोळ्या मला पाठव. पाळी थांबल्यापासून अंगातून नुसत्या वाफा निघतात. तू काही त्या वाया घालवणार नाहीस," असं लिहिलंस. साबणाच्या चिपट्या जोडणाऱ्या बाईला तू बरोबर ओळखतेस.

आधी गंमत सांगते. गोळीत जे इस्ट्रोजेन तेच पट्टीत, पण कितीतरी कमी. मला वाटलं, दुकानदारानं मापात मारलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पोट काढून दाखवलं. गोळी आतड्यातून रक्तात शिरते, पण ते रक्त अंगभर फिरायच्या आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे आपली आत्या. पिशवी उघडून बघितल्याशिवाय कुणाला आत सोडायची नाही. बरंचसं औषध तिथेच मोडतं, नाहीतर गाठोड्यात बांधलं जातं. अंगाला लागतं ते थोडंसं. म्हणून गोळीत भरपूर घालावं लागतं.

त्यातली काही गाठोडी पित्ताबरोबर परत आतड्यात येतात. तिथले जंतू काहींच्या गाठी सोडतात आणि आतला ऐवज पुन्हा रक्तात जातो.

"म्हणजे टाकलेलं वेचून आणतात?" मी विचारलं.

"तसंच म्हणा."

"मग ते जंतू माझ्या माहेरचे."

बाई खूप हसल्या. मला मात्र देवाचं नवल वाटत राहिलं. एवढी काटकसर त्यानं पोटात मांडून ठेवली आणि आपण चार पैसे वाचवून मिरवतो.

आता गोळ्यांचं. त्या पाठवत नाही. माझी गर्भपिशवी काढलेली, तुझी शाबूत. तुला जोडीला आणखी एक औषध लागेल, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. हे कारण खरं आहे आणि इथेच पत्र संपवलं होतं. पाकीट चिकटवलंही. मग वाफेवर धरून उघडलं. नवं कशाला खराब करू?

पट्टी का लागली, ते तू विचारलं नाहीस. माझी पोटरी दुखू लागली होती. तपासणीत काही निघालं नाही, पण बाईंनी पुन्हा विचारलं, "घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का? आई कशानं गेल्या?" पहिल्या भेटीत मी हृदय सांगितलं होतं. इतकी वर्षं आपण सगळे तेच म्हणतोय, तोंडात बसलेलं.

आई हृदयानं गेली नाही गं. तू परीक्षेला परगावी होतीस. तिची पोटरी सुजून लाल झाली, फोनवर तुला म्हणाली, पाय दुखतोय. तू म्हणालीस, चोळून शेक. मग एका सकाळी तिला दम लागला आणि सगळं संपलं. गाठ पायातून फुफ्फुसात गेली होती. बाबा म्हणाले, "पोरीला जन्मभर टोचेल. हृदय म्हणा." तू कुणीही सांगितलं असतं तेच सांगितलंस. आणि चोळणारे हात माझे होते.

गोळी यकृतातून जाते तेव्हा यकृत रक्त गोठवणारा माल जास्त बनवतं. पट्टीतलं औषध कातडीतून सरळ रक्तात उतरतं, आत्याचं दार आधी लागत नाही. तुझा त्रास खोटा नाही, त्यावर उपाय आहेत. पण डॉक्टरांना आधी आईचा पाय सांग. माझ्यासारखं हृदय सांगू नकोस.

गोळ्या औषधाच्या दुकानात नष्ट करायला देऊन आले. हात जड झाला. खोका तेवढा ठेवला आहे, सुया ठेवायला.

रागावलीस तर खुशाल तसं लिही, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. माहेरचं म्हणावं असं आता तूच उरली आहेस, आणि उरलेलं मी कसं जपते ते तुला ठाऊक आहे.

तुझी
ताई