लिंपलेलं झाकण

प्रिय मिका,

आज बीफची बिर्रिया, आपला तो मिरच्यांतला रस्सा, चढवली. इथे कोकुलात सगळे विचारतात, "तोमासा, तू भांड्याचं झाकण पिठानं लिंपत का नाहीस गं?" मी सांगते, हात दुखतात.

खोटं. मला मागणी घालायला पाहुणे आले, त्या दुपारी ते लिंपण मीच फोडलं. सुक्या मिरच्यांत पाच तास रटरटलेल्या मांसाचा वास मला आवरला नाही. चांगले चांगले तुकडे मटकावले आणि मक्याचं पीठ मळून झाकण पुन्हा लिंपलं. भाजून तांबूस व्हायचं ते लिंपण ओलं, पांढरंफटक बघून आई सगळ्यांदेखत तुझ्यावरच ओरडली, "खादाड मेली! ऊठ इथून!"

"आई, शप्पथ, मी नाही गं!" तू म्हणालीस. मी मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजतेय.

माझं लग्न ठरलं. तू घर सोडलंस ते कायमचं.

आई वारली, त्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "तुझ्या नखांत पीठ होतं. मी तेव्हाच पाहिलं. पण मागणी तुला आली होती ना!"

हे तुला कसं कळवू? तू अजून तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतेस म्हणे.

बघ, तिचा दोष सांगून आताही मी आईच्याच आड लपले.

तुझी म्हणवायला लाजणारी,
तोमासा