राणीचे पाय कापू नयेत

राणीच्या दोन पायांचा खरा खर्च असा: लाकूड फुकट, कारण ते मोडक्या खाटेच्या खुराचं, वीतभर तार, माझ्या अंगठ्याला टाके, एक सख्खा भाऊ, आणि पुतण्याचं अजून न उतरलेलं फुगलेलं तोंड. लाकडी बाहुलीच्या पायांसाठी हे कोणाला महाग वाटेल. मला स्वस्त पडलं. का, ते पुढे ओघाने येईल.

मी, खाली सही करणारा, बाहुल्यांच्या खेळाचा मालक, डोळ्यांनी अधू पण कानांनी तल्लख, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही आग्रहाला वा दडपणाला बळी न पडता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आग्रह झालाच नाही असं नाही. पुतण्या आज सकाळपासून दोनदा चहा घेऊन आला. चहा प्यालो. आग्रह मानला नाही.

माझ्याकडे वडिलोपार्जित म्हणावं असं काही नाही, वडिलांचा खोकला सोडला तर. दुसऱ्याच्या खेळात पडदा ओढायला लागलो. त्या मालकाने टाकून दिलेल्या मोडक्या बाहुल्या दुरुस्त करून स्वतःचा खेळ उभा केला. त्यामुळे खालची सगळी मालमत्ता माझी स्वकष्टार्जित आहे आणि तिची वाटणी करण्याचा पूर्ण अधिकार मला आहे.

कलम पहिले. राहतं घर, मागच्या बाहुल्यांच्या खोलीसह, माझ्या पत्नीला, तिच्यामागे मुलीला. पुढच्या दाराची कडी अडकते. ती उचलून लावावी, हे पत्नीला माहीत आहे. माझ्यानंतर भेटायला येणाऱ्यांना सांगू नये.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक पत्नीला. तिने ती माझ्या फोटोवर, चौकटीवर वगैरे उधळू नये. चष्मा करून घ्यावा. चाळीस वर्षं बाहुल्यांचे कपडे शिवून तिचे डोळे गेलेत आणि आजवर एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही, राजाचा अंगरखा कोणी शिवला. राजाची बाहुलीही तिलाच. त्याला कपडे चढवणारी, पुसणारी, निजवणारी तीच होती. कागदावर आज आली एवढंच.

कलम तिसरे. राणी. इथे वकील म्हणाले, "काका, थोडक्यात लिहा." थोडक्यात लिहिल्यामुळेच हा सगळा घोळ झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या धंद्यात पुरुष-बाहुलीला पाय असतात, बाई-बाहुलीला नसतात. पायघोळ झगा, आत पोकळ. लाकूड वाचतं, वजन वाचतं. म्हणून बाई-बाहुली चालत नाही. तिला वरून सोडतात आणि काम झालं की वर ओढून घेतात. आमचा सगळ्यात जुना खेळ वेढ्याचा. शत्रूने शहर वेढलंय, राजा जखमी, राणी खिडकीत रडतेय. शेजारच्या राज्यात मदतीचा निरोप गेला तरच शहर वाचणार. मग मी पडद्यामागून भारदस्त आवाजात म्हणायचो, "आणि निरोप पोचला!" ढोल वाजायचा. पुढच्या प्रवेशात राजा घोड्यावर.

त्या वाक्यापाशी बायकांच्या बाकांवर कुजबूज व्हायची. पडद्यामागच्या माणसाचा धंदा कानांवर चालतो. कंटाळ्याची कुजबूज मी झोपेतही ओळखीन. ही तशी नव्हती. एका गावी नीट कान दिला. एक म्हातारी नातीला सांगत होती, "निरोप काय आपोआप पोचतो होय? राणी गेली होती घेऊन. चिखलातनं, अनवाणी." पुढच्या गावी दुसरीच कोणी, आणि तेच. एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायका, गोष्ट मात्र एक.

घरी येऊन पत्नीला विचारलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"हे तुम्हाला आज कळलं?" ती म्हणाली. "मला माझ्या आईनं सांगितलंय."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलून काय करता? ती जाणार कशानं? तुमच्या राणीला पाय कुठायत?"

मी समजत होतो, गोष्ट होती तशा बाहुल्या केल्या. उलटंच होतं. बाहुलीला पाय नव्हते म्हणून राणीचा प्रवेश कोणी रचला नाही, आणि प्रवेश नाही म्हणून सगळे म्हणू लागले की ती कुठे गेलीच नाही.

पाय मी स्वतः कोरले. शेजारचे सुतार म्हणाले, मी करून देतो. मी म्हटलं, तुम्ही खुर्च्या करा. घोटा, टाच, बोटं, सगळं या हातांनी. अभिमानाने नमूद करतो की असे पाय या धंद्यात आजवर कोणी कोरलेले नाहीत.

भाऊ भडकला. "राणी चालायला लागली तर राजानं करायचं काय?"

"वाट बघायची," मी म्हटलं.

तो गेला तो आजतागायत गेलेलाच आहे. खेळाच्या पाटीवर मात्र अजून "आणि बंधू" आहे.

पहिल्या प्रयोगाला राणी खिडकीतून उतरली आणि रंगमंचावर चालू लागली. ढोलवाला ढोल वाजवायचा विसरला. लाकडी टाचांचा आवाज तेवढा. मग बायकांच्या बाकावरून एकजण मोठ्यानं म्हणाली, "बघ! सांगत नव्हते मी?" त्यानंतर कोणी कुजबुजलं नाही, सगळ्या मोठ्यानंच बोलायला लागल्या. मला पडद्यामागे काही काम उरलं नाही.

ही राणी, तिचे दोन्ही पाय, सगळ्या दोऱ्या आणि खेळाची मालकी मी माझ्या मुलीला देतो.

पुतण्याचं म्हणणं आहे की बाईच्या हाती दोऱ्या देत नाहीत, गुंता होतो. यावर पत्नीचं उत्तर कलमात घालतो: "गुंता सोडवायला आजवर आम्हीच लागलो ना? मग धरायला काय झालं?" शिवाय राणी चालताना उजवीकडे ओढ घेते. तो लाकडाचा स्वभाव. मुलगी पावलागणिक एक दोरी सैल सोडून तिला सरळ नेते. लोक त्यालाच राणीची ऐट म्हणतात. पुतण्याने एकदा हौसेने दोऱ्या घेतल्या, तेव्हा राणी निरोप घेऊन निघाली आणि थेट शत्रूच्या तंबूत शिरली.

त्या दिवशी चिडून तो ढोलवाल्याला म्हणाला, "माझ्या हातात खेळ आला की पहिली करवत हिच्या पायांवर. खिडकीत उभी होती तीच बरी होती." मी ऐकलं. त्याला वाटलं, म्हातारा झोपलाय. म्हणून स्पष्ट लिहितो: राणीचे पाय कापू नयेत, काढू नयेत, झग्याने कायमचे झाकूही नयेत.

कलम चौथे. पुतण्याला: सगळं सैन्य, हत्ती आणि टेम्पो. टेम्पो ढकलून सुरू होतो, सैन्य आहेच. त्याचा हात खरोखर चांगला आहे. डोकं तेवढं माझ्या भावाचं. मुलीने आईला विचारून त्याला राजा चालवायला द्यावा आणि मिळकतीत वाटा द्यावा. त्याने या मृत्युपत्राला हरकत घेतल्यास हत्ती परत घ्यावा.

कलम पाचवे. पाटी नवी करावी. पत्नीला विचारलं, कशी? ती म्हणाली, "माझं काय?" मी म्हटलं, "तू तर घरचीच." ती म्हणाली, "घरचीच तर पाटीवर नसते." तेव्हा पाटीवर आधी ती, मग मुलगी. जागा उरली तर मी.

कलम सहावे. पेटीत अजून बऱ्याच बाया बिनपायांच्या आहेत: दाई, नावाडीण, चेटकीण, आणि एक जिचं काम काय होतं हेही आता कोणाला आठवत नाही. मुलीने गावोगावच्या बाकांवर बसून एकेकीची गोष्ट विचारून घ्यावी, मग पाय करावेत. नावाडीण कुठे गेली होती, याची कुजबूज मी दोन गावांत ऐकलेली आहे. ती मुलीच्या कानात सांगितली आहे. ऐकून ती लाकूड आणायला गेली.

ज्या पटाशीने पाय कोरले ती सुतारांना द्यायची होती. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणतात. पटाशी मूळची त्यांचीच आहे. ती देत नाही, परत करतो.

हे सर्व मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली.

ठिकाण: मागची खोली, टांगलेल्या बाहुल्यांसमक्ष.
तारीख: शिक्क्यावर आहे ती.

सही: (खेळाचा मालक)

साक्षीदार पहिली: मी यांची डॉक्टर. बुद्धी शाबूत आहे. पथ्य पाळत नाहीत.

साक्षीदार दुसरा: मी शेजारचा सुतार. मालकांनी माझ्यासमोर सही केली. कलम तीनमधली राणी आज प्रथमच हातात घेऊन पाहिली. तिचे दोन्ही पाय डावे आहेत.