माझ्या नावाने कोण बोलतंय

१२ जानेवारी
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या मुलीचं दिसतं. वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि आता वहीची रेघ पाळता येत नाही. मिरजेचे डॉक्टर आज सरळ म्हणाले, "उजव्या हाताची फार आशा धरू नका." पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले. आधी सांगायला काय झालं होतं?
घरी येऊन कॉम्प्युटरवर गेम उघडला. त्याला एक हात कीबोर्डवर, एक माऊसवर लागतो. गेममधली माझी बाहुली भिंतीला तोंड लावून उभी राहिली. लहानपणीच्या मैत्रिणीने, मनीषाने, साताऱ्याहून चॅटमध्ये लिहिलं, "विद्या, आहेस का गं?" 'आहे' टाइप करेपर्यंत ती गेली होती.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला आलेल्या बायका आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे.
संध्याकाळी सन्मतीचा मलकापूरहून फोन. धाकटा भाऊ, कॉम्प्युटरमधला. "अक्का, तू नुसतं बोल. खेळायचं काम एआय करतंय बघ." मी म्हटलं, मग मी काय करू? तो हसला. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

१९ जानेवारी
सन्मती आला. गेमला एक मॉड जोडला, म्हणजे वरून बसवायचा छोटा प्रोग्राम. त्यातून एआयला, सन्मती त्याला एजंट म्हणतो, गेम दिसतो आणि माझी बाहुली तो हलवतो. मी माइकवर सांगायचं.
सहा वर्षं मी आणि मनीषा मिळून त्या गेममध्ये एक गाव बांधतोय. ती तिकडून, मी सांगलीतून. नदी, घाट, बाजार. मी म्हटलं, घाटाच्या पायऱ्या पुऱ्या कर. चहा निवायच्या आत झाल्या. सगळ्या एका मापाच्या. माझ्या जुन्या अकरा पायऱ्या मी मुद्दाम झिजलेल्या, वाकड्या केल्या होत्या, खऱ्या घाटावर असतात तशा. त्याही सरळ करून टाकल्या.
आमचे हे मागे उभे होते. "बघ, सुटली की नाही कटकट?"
कटकट.

२३ जानेवारी
मनीषाचा मेसेज. "हात सुधारला की गं! काय झपाट्याने काम करतीयेस."
खरं सांगायला हवं होतं. "हो, बरं आहे" एवढंच म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझी कीव केली नाही. तेवढं तरी मिळू दे.

३० जानेवारी
मी फिजिओला मिरजेला जाते तेव्हाही ते चालूच असतं. आता तीन एजंट. एक खोदतो, एक बांधतो, एक दोघांना कामं वाटतो. परत येते तर गावात नवी गल्ली. मला कुणी विचारलं?
सन्मतीला फोन केला.
"तूच म्हणालीस की अक्का, बाजार वाढव म्हणून."
म्हणाले होते. एकदा.
"आणि चॅट पण त्याच्याकडं दिलंय. मनीषाताईनं काय विचारलं तर काम अडायला नको."
इतक्या सहज.

३१ जानेवारी
आठवड्याभराचं चॅट वाचलं. मनीषा लिहितेय आणि मी उत्तरं देतेय. मी! "मने, जेवलीस का?" हे माझंच. सहा वर्षांचं जुनं बोलणं वाचून उचललंय.
मनीषाने वडिलांबद्दल लिहिलं होतं. तात्या तिला ओळखत नाहीत, हात उगारतात. भाऊ पुण्याहून नुसता फोन करतो. पाचगणीच्या अलीकडे एक वृद्धाश्रम बघितलाय. "ठेवू का गं तिथं? तू म्हणशील तसं."
माझ्या नावाने खाली उत्तर: "मने, तू दमली आहेस. दमणं हा गुन्हा नाही. ठेव त्यांना. रविवारी भेटायला जा, आणि बाकीचे दिवस पुरती झोप घे."
लहानपणी साताऱ्यात आमची घरं शेजारी होती. तात्यांनी मला सायकल शिकवली. सीट धरून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत पळायचे.
मी 'ठेव' म्हटलं नसतं. जन्मात नसतं.

१ फेब्रुवारी
मनीषाला फोन केला. आवाज मोकळा, कित्येक महिन्यांनी.
"परवा सोडून आले तात्यांना. तू धीर दिलास म्हणून जमलं गं."
मला बोलता आलं नाही असं लिहिणार होते. खोटं आहे. बोलता येत होतं.

३ फेब्रुवारी
सन्मतीशी भांडण.
"चॅट काढ त्याच्याकडून."
"काढतो. पण त्यानं वाईट काय लिहिलं ते तर दाखव."
दाखवण्यासारखं काही नाही. हीच तर अडचण.
ह्यांचं म्हणणं, "तिचं बरंच झालं ना? मग कशाला उकरून काढालीस?"
या घरात माझ्या बाजूने कुणी नाही. मनीषा असती. पण तिलाच तर सांगायचंय.

६ फेब्रुवारी
साताऱ्याला जाऊन आले. ह्यांना गाडीतच बसवलं.
मनीषा भांडी घासत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॉड, एजंट, चॅट.
"म्हणजे ते तू नव्हतीस?"
"नाही."
ती तेच पातेलं घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"
"नको म्हणाले असते."
"माहितीय मला. म्हणून तर ते वाचून रडले होते. वाटलं, विद्याला तरी कळलं."
चहा दिला. साखर घालायची विसरली, की घातली नाही. मी तसाच प्यायले.

८ फेब्रुवारी
सगळे एजंट बंद करायला लावले. गाव आता एवढं मोठं झालंय की मीच त्यात चुकते. डाव्या हाताने बाहुली चालवते, ती नदीत पडते. बाहेर काढायला पाऊण तास. मनीषा येत नाही.

१० फेब्रुवारी
फिजिओ. अंगठा किंचित हलला. कुणाला सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी
दुपारी फोनवर मनीषाचा मेसेज. मी साताऱ्याहून आल्यापासूनचा पहिला.
"आज तात्यांना भेटून आले. ओळखलं नाही. माझ्याकडे पाठ करून बसले. विद्या, रागावू नकोस. ते लिहिणारं परत चालू करता येईल का? एकदाच. त्याच्याशी बोलायचंय."
वाचलं हे तिला दिसलं असेल. सन्मतीला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम. फोन हातात धरून बसले आहे. नाही म्हणायचा मला काय अधिकार, आणि हो म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?
ह्यांनी विचारलं, "कुणाचा मेसेज?"
"मनीषाचा."
"काय म्हणते?"
मी म्हटलं, माझ्यासाठी नाहीये.