बाबांच्या हातावर थांबणारं घड्याळ

४ मार्च
घड्याळ घ्यायचं ठरलं. यांत्रिक, भारीतलं, जन्मभर पुरेल असं. पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी पहिली चैन — आणि लगेच अपराधी वाटायला लागलं. म्हणून नियम केला: जाहिराती बघायच्या नाहीत, वापरणाऱ्यांनाच विचारायचं.

७ मार्च
दाताचे डॉक्टर म्हणाले, "रोज दहा सेकंद पुढे पळतं. पेशंट उशिरा येतात, त्यात हे. माझी चिडचिड दुप्पट." ऑफिसातल्या वकीलबाई — "दुरुस्तीला टाकलंस की चार महिने विसर."

९ मार्च
मला हवं तेच मॉडेल बाबांकडे आहे. बावीस वर्षं. हात हलला की त्याची किल्ली आपोआप भरते. पण दोन महिने झाले, रोज सकाळी बंद.
बाबा म्हणाले, "हे घेऊ नकोस. म्हातारं झालंय."
आई म्हणाली, "घड्याळाबद्दल बोलताय ना?"
यादीतून खोडलं.

१६ मार्च
एका तक्रारीवरून खोडणं बरं वाटेना. घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने उघडून पाहिलं. "काहीही झालेलं नाही. आठवडाभर तुम्हीच घालून बघा."

२३ मार्च
घातलं. एकदाही थांबलं नाही. बाबांना परत दिलं.

२६ मार्च
पुन्हा ठप्प. बाबा — "तुझ्या हातावर चालतं, माझ्यावर रुसतं." आई — "मीही रुसते. मला कधी दुरुस्तीला नेलं नाहीत."
घड्याळवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. त्यांचा हात हलतो ना?"

२७ मार्च
सकाळी फिरायला बाबांच्या मागे मागे गेले. उजवा हात नेहमीसारखा पुढेमागे. डावा, घड्याळाचा, पोटाशी खिळल्यासारखा.
रोज एका टेबलावर चहा पितो आम्ही. मी घड्याळाकडे बघत बसले होते.

३ एप्रिल
मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आजाराचं नाव आज लिहवत नाही. "लवकर आलात," त्या म्हणाल्या. "औषध आणि व्यायाम नीट केलात, तर बरीच वर्षं चांगली जातील. लक्षात कसं आलं?"
बाबांनी मनगट पुढे केलं.

११ एप्रिल
व्यायामाला कुरकुर. "शंभर वेळा हात काय हलवायचा? मी काय झेंडा दाखवणारा गार्ड आहे?" मग स्वतःच मोजायला लागले. सत्तरच्या पुढे चुकले. मी मुद्दाम सुधारलं नाही. बरोबर केलं का, कोण जाणे.

२४ एप्रिल
सकाळी बाबांनी मनगट माझ्या कानाशी आणलं. टिकटिक.
खोडलेलं मॉडेल यादीत पुन्हा लिहिलं.