पिळून आलेली फडकी

४ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची मुलाकडे! नात महिन्याची झाली तेव्हा कुठे आजीला बोलावणं. नुसता लोण्याचा गोळा! नाक माझं, भोकाड तिच्या आईचं. मुलगा इथल्या मातीच्या धरणाचा राखणदार, घर धरणाच्या अगदी पायथ्याशी. दार उघडलं की समोर गवताची चढण, आभाळ बघायला मान मोडून घ्यावी लागते. धरण माझ्याच वयाचं म्हणे, म्हणजे गुडघ्यात पाणी दोघांच्याही. त्या चढणीतून बोटभर पाझर येतो, काचेसारखा. बाळाची लंगोटी-दुपटी तिथेच धुतली.

५ तारीख, मंगळवार
धरणाच्या माथ्यावर भेगा पडल्यात. साहेब नुसतं येतो येतो म्हणतात, म्हणून मुलगा त्यांना आणायला शहरात गेलाय. जाताना बजावून गेला की आई, पाझर बुजवू नकोस, पाणी स्वच्छ येतंय तोवर भ्यायचं नाही, अडवलं की ते आतून माती खात सुटतं. आता मला शिकवणार हा! चिखलात सूनबाई बाळासकट घसरायची राहिली. कोंबली पाझरात फडकी, वर थापला गिलावा. भिंती लिंपण्यात जन्म गेला माझा.

७ तारीख, गुरुवार
फडकी बाहेर आली. पाण्याने ढकलली म्हणावं, तर घट्ट पिळून दगडावर ओळीने मांडलेली. सूनबाई म्हणते, आई, तुम्हीच ठेवून विसरलात. मी विसरेन? हिच्या लग्नात कोण कोण रुसलं ते अजून सांगेन! आत कुणी असेल तर असो. धुण्याची हौस असेल तर धू म्हटलं, आमच्याकडे ढीग पडलाय. या खेपेला उशीची खोळही कोंबली.

८ तारीख, शुक्रवार
खोळ आली. पिळून. पाणी आता गढूळ, चहासारखं. गवताला कान लावला. आत कुणीतरी कपडे आपटतंय. धप्. धप्. प्रत्येक धपक्याला वरून माती सुटते. मुलाला फोन केला, तो म्हणाला आत्ताच्या आत्ता टेकडीवर जा. सूनबाई म्हणते बाळ निजलंय, सकाळी निघू. फडकी सगळी उपसून काढली मी, पण धपके काही—

९ तारीख, शनिवार
पाझरातून बाळाचं झबलं आलं. पिळलेलं. ते मी कोंबलं नव्हतं. ते बाळाच्या अंगात—
बाळ पाळण्यात उघडं. ओलं. हसतंय.
सूनबाईला बाळासकट पिटाळलं टेकडीवर. म्हटलं, खालच्या वस्तीला हाका मारत जा. या वेळी तिने उलटून विचारलं नाही.

तोच दिवस
निघताना मागे वळले तर दोरीवरची चादर पाझराच्या भोकात चाललेली. दुसरं टोक धरलं. धरलं आणि आतले धपके थांबले! हात गुंतले ना आतलीचे. आता सोडते होय मी? मनगटाला गुंडाळलीय, एका हाताने लिहितेय. अक्षर—
भोक डोक्याएवढं झालंय. सूनबाई नि बाळ अजून टेकडीच्या अर्ध्या चढावर. खाली लोक पळताना दिसतात. पळा रे—
ऐक गं बये, आत जी कोण असशील ती. दोन बायका, दोन टोकं, मधे ओली चादर. जन्मभर हेच केलंय मी. घाल पीळ. मीही घालते. बघू कुणाचं मनगट आधी—