पायाखाली किती रुंद

फेअरली, ६ जुलै

ती. एल्स्पेथताईस, डूगलचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इकडे ठीक, हिवाळा ऐन भरात. पाणवठ्यावर रोज सकाळी बर्फाची साय धरते, ती फोडून मेंढ्यांना पाणी मोकळं करावं लागतं.

कारण असं, की ऑगस्टमध्ये ब्रायनी मला डोंगरात नेते म्हणते. लिफ्ट नाही, आखलेला उतार नाही. आपल्या पायांनी चढायचं आणि वरच्या झोपडीत दोन रात्री राहायचं. माझी जॅनेट वारल्यापासून, म्हणजे दोन हिवाळे, मी स्कीला हात लावलेला नाही. माझ्या जुन्या स्की अरुंद. ताज्या बर्फात सुरीसारख्या खाली जातात. तुझी हयात वानाकाच्या दुकानात लोकांना स्की निवडून देण्यात गेली. मला तुमच्याकडची सगळ्यात रुंद जोडी दे. पायाखाली एकशे अठरा मिलिमीटरची असते म्हणे. लेकीला माझ्यासाठी सारखं थांबावं लागू नये, एवढंच.

लोभ आहेच, तो या वेळी मापातही दिसू दे.

तुझा डूगल

वानाका, ११ जुलै

चि. डूगल यास ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

एकशे अठराची तुला देणार नाही. रुंद स्की पिठासारख्या बर्फावर होडीसारखी तरंगते, खरं आहे. पण त्या बर्फापर्यंत आधी चढायचंय, आणि प्रत्येक पावलाला ते वजन तुलाच ओढायचंय. शिवाय आपल्याकडचा वारा. सकाळी पीठ, दुपारी काच. काचेवर रुंद स्कीची कड नीट धरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. तुझा डावा गुडघा मी ओळखून आहे.

एकशे दोनची हलकी जोडी पाठवते आहे. चढताना मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या तिच्याच मापाने कापल्या आहेत. खोल बर्फात थोडा रुतशील. रुतावं माणसानं.

आणि ब्रायनी थांबते ती तू हळू आहेस म्हणूनच, हे तुला कोणी सांगितलं? परवा ती दुकानात आली होती. बोलली कमी. काहीतरी मनात आहे तिच्या. मी खोदून विचारलं नाही. तू मात्र नक्की जा.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई

फेअरली, १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

गुडघा जागेवर आहे, हे आधी.

पहिल्या रात्री गुडघाभर बर्फ पडला. सकाळी समोरचा मोठा उतार असा दिसत होता, की माझेही पाय शिवशिवले. ब्रायनीने फावड्याने खड्डा खणून थर तपासले. दोन थापांत वरचा थर सरकून तिच्या मांडीवर आला. म्हणाली, बाबा, आज इथे नाही. मी म्हटलं, मग एवढ्या नव्या स्की काय मिरवायला आणल्या? म्हणाली, हिमलोट स्कीचं माप विचारत नाही.

मग ओढ्याकाठच्या मंद उताराने निघालो. ताई, मी तरंगलो. मोठ्याने हसलो असणार, कारण ब्रायनीने चमकून मागे पाहिलं. त्याच भरात पडलो, छातीपर्यंत रुतलो. काठी रोवली तर काठीच आत. वाटलं, ती हात देईल. ती येऊन शेजारी बर्फातच बसली.

आणि सांगितलं. परदेशात, होक्काइदोच्या डोंगरात वाटाड्याचं काम मिळतंय, कायमचं. मे महिन्यापासून उत्तर दिलेलं नाही. का, विचारलं. म्हणाली, तुम्ही एकटे कसे राहाल?

मी म्हटलं, एकटा कुठे, एवढ्या मेंढ्या आहेत की. ती हसली नाही. मग खरं बोलावं लागलं. म्हटलं, तू गेल्यावर घर मोठं वाटेल, संध्याकाळी तर फारच. पण माझ्यासाठी राहिलीस, तर त्याच घरात मला तुझ्याकडे बघवणार नाही. जा तू. ती माझ्या बाहीला डोकं टेकून बराच वेळ रडली. मीही. दोघांची बुडं गोठली तेव्हा उठलो.

काल तिने होकार कळवला. घर आत्तापासूनच मोठं वाटतंय.

आठवण ठेव.

डूगल

वानाका, २४ ऑगस्ट

चि. डूगल यास आशीर्वाद. टपली या वेळी नाही.

ब्रायनी काल येऊन गेली. तिकडे बर्फ रोज पडतो, हलका आणि कोरडा. तिला एकशे अठराची जोडी दिली, तिथे ती शोभते. स्की पाहता पाहता ती पुन्हापुन्हा एकच सांगत होती, की बाबा रात्री नुसता टोस्ट खातात. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

तेव्हा ऐक. सप्टेंबरात तुझ्या मेंढ्या विणार. मी दुकानातून तीन आठवड्यांची रजा घेतली आहे. कोकरांमधलं मला काही कळत नाही, पण बाटलीने दूध पाजता येईल, आणि टोस्टपेक्षा बरं काहीतरी रांधता येईल. मागच्या खोलीतली गादी उन्हात टाक. पहिल्या शनिवारी दुपारच्या बसने येते. थांब्यावर गाडी घेऊन ये, सामान बरंच आहे.

पत्रातला लोभ पुरे झाला. बाकीचा समोर बसून.

तुझी ताई